मोतीबागेतला डबा साधन म्हणून कसा वाचायचा?

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल आणि नागपुरात असाल, तर मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय एकदा सवडीनं बघा. डिसेंबर २००२ मध्ये ते सुरू झालं. वाफेची इंजिनं, जुने डबे, कंदील, सिग्नलची उपकरणं असं बरंच काही तिथे आहे. बहुतेक लोक इंजिनाजवळ फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र प्रत्येक वस्तूला प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न साधा आहे: रूळ इतके जवळजवळ का? या मार्गांचं माप ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. सातपुड्याच्या चढणीवर अरुंद रूळ टाकले की वळणं तीव्र घेता येतात, डोंगर कमी कापावा लागतो आणि खर्च वाचतो. बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया–जबलपूर आणि छिंदवाडा–नागपूर हे मार्ग याच मापात बांधले.

दुसरा प्रश्न: दिसतंय ते कुठल्या काळातलं? डबा जुना असला तरी त्यावरचा रंग जुना असेलच असं नाही. भारतीय रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. त्यामुळे एखाद्या डब्यावर ‘तिसरा वर्ग’ लिहिलेलं दिसलं, तर ती अक्षरं तेव्हाची आहेत की संग्रहालयासाठी नव्यानं रंगवलेली, हे तपासल्याशिवाय पुरावा म्हणून वापरू नका. बनवणाऱ्याची धातूची पट्टी असेल तर तिच्यावरचं वर्ष आणि क्रमांक आधी टिपा, पण तेवढ्यावर थांबू नका. सुटे भाग बदलले जातात, पट्ट्याही बदलतात.

तिसरा प्रश्न: कागद कुठे आहेत? बंगाल नागपूर रेल्वेच्या नावात नागपूर आहे, पण तिचं मुख्यालय होतं कलकत्त्याच्या गार्डन रीचला. १९४४ मध्ये ती सरकारकडे आली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वेत. आज हा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतो आणि मुख्यालय बिलासपूरला आहे. म्हणजे नागपूरच्या डब्याचा कागद शोधताना फक्त नागपुरात चकरा मारून भागत नाही. आधी मालकीची ही साखळी वहीत लिहा, मग अर्ज करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या डब्यांमधून प्रवास करणारी माणसं संग्रहालयात कुठे आहेत? तुलनेसाठी कोकणातल्या आगबोटी घ्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आज आत फिरून बघावी अशी कोकणातली प्रवासी आगबोट जतन केलेली नाही. तरी आगबोटीची आठवण टिकली आहे, कारण लोकांनी ती सांगितली आणि लिहिली. आपल्याकडे उलटं व्हायची भीती आहे. इंजिन छपराखाली सुरक्षित राहील आणि प्रवासी विसरले जातील.

हे टाळणं अजून आपल्या हातात आहे. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या शेवटी बंद झाली, नागपूर–नागभीड २०१९ मध्ये. सावनेर, सौंसर, रामाकोना इथून या गाडीनं इतवारीला ये-जा करणारी माणसं आजही भेटतात. त्यांच्याकडे जा. ‘गाडी कशी होती?’ असं विचारलंत तर ‘छान होती’ एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा: बाजाराच्या दिवशी डब्यात काय काय चढायचं? बायका कुठे बसायच्या? जागा कोणाला नाकारली जायची? गाडी चुकली तर रात्र कुठे काढायची?

बोलणाऱ्याची परवानगी घ्या, वय आणि गाव लिहा, सांगितलेली वर्षं जुन्या वेळापत्रकाशी ताडून बघा. वर्ष चुकलं म्हणून आठवण फेकून देऊ नका. ती चूक का झाली, हाही अभ्यासाचा विषय असतो.

कागद थांबतील, इंजिनही थांबेल. रोज त्या गाडीनं जाणारे आजोबा मात्र ऐंशीच्या पुढे गेलेत. म्हणून तुमच्या आराखड्यात मुलाखतींचं काम शेवटच्या वर्षाला टाकू नका, पहिल्या सहा महिन्यांत घ्या.