वाटीभर दुधाची हकीकत

आमच्या नातीला या आश्विनात वर्ष पूर्ण झाले आणि घरात दुधाचा प्रश्न निघाला. हिला आता वरचे दूध सुरू करायचे, हे सर्वांना मान्य होते. कोणते, किती आणि कशातून, यावर मात्र एकमत होईना. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गाईचंच हवं. म्हशीचं जड पडतं." सूनबाई म्हणाल्या, "आई, गाईचं चालेल, पण डॉक्टर म्हणालेत, दिवसाकाठी दोन कपांवर नको, आणि बाटलीतून तर मुळीच नको." "दूध कधी कुणाला जास्त झालंय का?" असे म्हणून सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. मला कोणी काही विचारले नाही; म्हणूनच ही हकीकत लिहायला सवड मिळाली.

"दूध कमी करा" हे शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते. साल १९६१. आम्ही परळला चाळीत राहत होतो. वडील पहाटे कार्ड घेऊन आरेच्या दूधकेंद्रावर रांगेत उभे राहत आणि बाटल्या घेऊन येत. त्यातले जवळजवळ सगळे दूध माझ्या धाकट्या भावाच्या पोटात जाई. पोर दीड वर्षाचे झाले तरी भाताचे शीत तोंडात धरीना. दिसायला गुटगुटीत, पण पांढराफटक. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ह्याच्या अंगात रक्त नाही. दूध कमी करा." त्यांनी लोहाचे औषध लिहून दिले. आईला तो अपमान वाटला. ज्याच्यासाठी नवरा अंधारात रांगेत उभा राहतो, तेच कमी करायचे? तिने ट्रंक भरली आणि आम्हां दोघांना घेऊन माहेर गाठले.

माझे आजोळ मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. गोठ्यात चार बैल आणि दोन गाई. आईला वाटले होते, इथे तरी चरवी भरून दूध मिळेल. आजीने तिला जेमतेम तांब्याभर दूध दाखवले आणि तेही वासराचे भागल्यावरचे. आई हिरमुसली. अंगणात भात पाखडायला आलेली ठाकरवाडीतली म्हातारी हसून म्हणाली, "बाय, गाय काय दुधाला पालतो आमी? बैल होतो म्हनून पालतो."

त्या एका वाक्यात शहापूर-मुरबाडच्या गोधनाचा इतिहास आहे, हे मला पुष्कळ पुढे, इतिहास शिकवू लागल्यावर उमगले. सह्याद्रीच्या या पट्ट्यातली गाय म्हणजे डांगी. तिच्या कातडीला अंगचाच तेलकटपणा असतो, त्यामुळे चार महिने कोसळणाऱ्या पावसात ती टिकते. तिचे गोऱ्हे चिखलात भाताचे खाचर ओढते. दूध मात्र बेताचे. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथल्या बैलबाजारात जरा हिंडून पाहा. घेणारा दात मोजील, खूर पाहील, खांद्यावर थाप मारील. याची आई दूध किती देत होती, हे विचारील असा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही.

आणि याच तालुक्यातून, वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे २००० वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञांमागून यज्ञ आणि प्रत्येक यज्ञाच्या दक्षिणेत गाई, त्याही हजारांच्या आकड्यांत. ज्या आकड्यांसाठी तो लेख विद्वानांत प्रसिद्ध आहे, त्यांतले कित्येक गाईंचेच आहेत. घाटाखालच्या कुळवाड्याच्या पोराला त्यांतले किती दूध मिळाले, हे कोणी दगडावर कोरून ठेवलेले नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना तान्ह्या मुलाच्या दुधाचे फार काटेकोर भान होते. आईला दूध नसेल तर काय द्यावे, याचे उत्तर वाग्भटाने देऊन ठेवले आहे : शेळीचे, नाहीतर गाईचे. शेळीचे नाव आधी! शेळी तर इथल्या वाडीवाडीवर होती. परंतु अडचणीच्या वेळचा तो तोडगा होता. एरवी पोर आईच्या अंगावर पीत असे, आणि दात आले की तांदळाची पेज, नागलीची आंबील असे करत करत ताटावर येई. भरल्या कपाचे दूध हा बाळाचा रोजचा आहार, ही कल्पना या रानात पिकली नाही. ती मुंबईहून आली.

पण मुंबईचे दूध तरी कुठून येत होते? शहराच्या तबेल्यांत म्हशी होत्या आणि म्हशींना गवत लागे. ते पुष्कळसे ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून जाई. शहापूरच्या रस्त्याने गवताने शीग लागलेल्या गाड्या आटगाव-आसनगावच्या स्टेशनांकडे जाताना मी लहानपणी पाहिल्या आहेत. गाडीवान वर कुठे बसला आहे, ते दिसतही नसे. गवत कापणाराच्या हाती काय पडे, याची गोष्ट कडू आहे. १९४५ साली जिल्ह्याच्या उत्तर भागात, उंबरगाव-डहाणूकडे, वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली गवतकापणीचा संप केला. मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच सुमारास मुंबईत दुधाची टंचाई होती. १९४६ मध्ये दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून टोण्ड दूध विकायला काढले, आणि १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली. काम मोठेच होते. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्या जोडीने खुरोडींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे. ते झाले नसते तर माझ्या वडिलांना रांगेत उभे राहूनही काही मिळाले नसते.

पाण्याचेही तसेच. तानसा धरण १८९२ चे. पुढे वैतरणा, मग भातसा. या सर्वांचे पाणी शहापूरच्या अंगणातून मुंबईला जाते आणि वैशाखात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत बसतात. बाळांसाठी डब्यातली भुकटी आली. ती कालवायला स्वच्छ पाणी लागते, बाटली उकळायला सरपण लागते. जिथे दोन्हींची वानवा, तिथे डबा म्हणजे हगवणीला आमंत्रण. १९९२ साली देशात कायदाच झाला, की अशा डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही. माझ्या मते तो कायदा तीस वर्षे उशिरा आला.

आता वैद्यक काय सांगते, तेही सूनबाईंच्या कृपेने मला पाठ झाले आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. नंतर त्याच्या जोडीला मऊ अन्न, आणि अंगावरचे पाजणे दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही. वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य आहार म्हणून द्यायचे नाही. त्यात लोह अगदी थोडे, आणि कोवळ्या आतड्यातून त्यामुळे नकळत रक्तही झिरपू शकते. वर्षानंतर द्यावे, पण उकळून, वाटीने किंवा पेल्याने, आणि दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंतच. नाहीतर पोट दुधानेच भरते आणि पोर जेवत नाही. परळच्या त्या डॉक्टरांचे म्हणणे याहून वेगळे काय होते? २०१५ पासून आदिवासी भागांत अंगणवाडीमार्फत जो अमृत आहार सुरू झाला, त्यात आधी गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पोटभर जेवण आले, आणि मग मुलांना अंडी किंवा केळी. आईच्या ताटापासून सुरुवात केली, हे मला शहाणपणाचे वाटते.

आजोळी आम्ही दोन महिने राहिलो. भावाला लोहाचे औषध चालू होते. दूध मिळेना, म्हणून भूक लागू लागली. आजी नागलीची पेज करी, त्यात गूळ घाली आणि तांब्यातले थोडे दूध. उरले की म्हातारी त्याला पायांवर घेऊन भाताचा घट्टा भरवी. परत निघालो तेव्हा त्याचे ओठ लाल झाले होते. आईने याचे श्रेय कुलदेवतेला दिले, वडिलांनी गावच्या हवेला. डॉक्टरांचे नाव कोणी काढले नाही. हा भाऊ आज चौसष्ट वर्षांचा आहे आणि चहा कोरा पितो.

नातीच्या दुधाचा तह शेवटी वसुबारसेला झाला. दूध गाईचे, हे सासूचे. वाटी आणि माप, हे सुनेचे. आणि त्यात नाचणीचे सत्त्व, हे माझे. पहिली वाटी तिने रांगोळीवर उपडी केली. दुसरी निम्मी प्याली आणि उरलेल्या निम्म्यात हात बुडवून बसली.