मावळची खाचरे आणि घाटाखाली गेलेले पाणी

पाणथळ जागा म्हणजे वर्षातील काही काळ तरी पाण्याखाली किंवा पाण्याने भिजून राहणारी जमीन. मावळात आज दिसणाऱ्या अशा बहुतेक जागा माणसाच्या हातच्या आहेत. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडत असला, तरी तो चार महिन्यांत कातळावरून आणि उतारावरून निघून जातो, म्हणून तो अडविण्याची खटपट येथे फार जुनी आहे. भाजे, कार्ले आणि बेडसे येथील भिक्षूंनी लेण्यांलगत कोरलेली पाण्याची टाकी तिचीच साक्ष देतात.

याहून मोठे काम शेतकऱ्यांनी केले, आणि त्याची नोंद शिलालेखात नाही. उताराला आडवे बांध घालून त्यांनी पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे पाडली; चिखलणीमुळे मातीचे कण एकमेकांत बसून तळ घट्ट होतो, पाणी खाचरात तुंबते आणि बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते. या संथ प्रवासात डोंगरावरचा गाळ खाली बसतो, त्या गाळाला चिकटून आलेला स्फुरद तेथेच राहतो, आणि हवा न पोहोचणाऱ्या चिखलातील जिवाणू पाण्यातील नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करतात, म्हणजे विरघळलेले नत्र हवेत परत जाते. भात पिकविणाऱ्याला यातले काही अभिप्रेत नव्हते. ओढ्याला, आणि पुढे कुरवंडे परिसरात उगम पावणाऱ्या इंद्रायणीला, त्याचा लाभ आपसूक झाला. अर्थात त्याच चिखलातून मिथेनही निघतो आणि जादा रासायनिक खत घातले तर खाचरच नदीत नत्र सोडते, त्यामुळे हा गुण सर्वस्वी खाचराचा नव्हे, वहिवाटीचाही आहे.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर पाणी अडविण्याचा हेतूच पालटला. भुशीचा बंधारा वाफेच्या इंजिनांसाठी झाला. पुढे १९१० साली स्थापन झालेल्या टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांचे पाणी सुमारे सव्वापाचशे मीटर खाली खोपोलीला सोडून १९१५ साली वीज निर्माण केली. पूर्वेकडे वाहणारे पाणी असे पश्चिमेच्या पाताळगंगेत गेले. तरीही वळवणला महसीर माशाची पैदास होऊ लागली, हे या तलावांचे अनपेक्षित अपत्य म्हणावे लागेल.

१९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात मानवनिर्मित जलाशयांबरोबर भातखाचरेही पाणथळ जागांत मोडतात. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र ती व्याख्येतूनच वगळली आहेत, त्यामुळे मावळात बंगल्यासाठी किंवा रस्त्यासाठी खाचर बुजविले, तरी त्या नियमांच्या लेखी पाणथळ जागा बुजविली असे होत नाही.