दुहेरी मडक्यापासून भोपाळपर्यंत

सदरहून नेहरू मार्गावरच्या नीरीच्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) फाटकाशी पोचायला ऑटोला फार वेळ लागत नाही. तरी नागपूरकराला विचारा तिथं काय चालतं, तर ‘प्रदूषण मोजतात’ एवढंच उत्तर मिळेल. संस्था १९५८ साली उभी राहिली ती मात्र पाण्यासाठी आणि सांडपाण्यासाठी. तेव्हाचं नाव लांबलचक होतं: केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था. ‘पर्यावरण’ हा शब्द पाटीवर आला १९७४ मध्ये, इंदिरा गांधींच्या काळात.

त्या काळात पाण्याचा शत्रू म्हणजे जंतू. जुन्या वस्त्यांत आणि खेड्यांत बरेच लोक विहिरीचं पाणी पीत होते आणि पावसाळा आला की कॉलरा, कावीळ ठरलेली. नीरीनं काढलेला उपाय कुंभाराच्या चाकावरचा होता. एकात एक अशी दोन मडकी, दोन्हींना एकेक भोक. आतल्या मडक्यात १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू यांचं ओलसर मिश्रण. हे दुहेरी मडकं दोरानं विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडायचं, की दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू पाझरत राहतं. साधारण ४,५०० लिटरच्या घरगुती विहिरीला ते पुरतं. वैद्यकीय महाविद्यालयांतली मुलं सामाजिक आरोग्याच्या पेपरासाठी हे आजही पाठ करतात. पुढं फ्लोराइडवरची नलगोंडा पद्धत आली, तिच्यातही तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. माझ्या मते संस्थेचं सगळ्यात चांगलं काम हेच. गरिबाला परवडेल आणि गावात मिळेल त्याच वस्तूंतून बनलेलं.

कीटकनाशकापुढं हे मडकं निरुपयोगी ठरतं. लिंडेन, डिल्ड्रिन अशा कीटकनाशकांच्या रेणूतच क्लोरीन भरलेला. त्यांना आणखी क्लोरीन पाजून काय होणार? हे पदार्थ मातीच्या कणांना धरून बसतात आणि वर्षानुवर्षं थोडेथोडे सुटत राहतात. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, सावकाश सरकतं, त्यामुळे ते नासलं हे कळेपर्यंत शेजारच्या वस्तीनं ते पिऊन झालेलं असतं.

संस्थेची खरी कसोटी लागली ती भोपाळला. युनियन कार्बाइडचा कारखाना सेव्हिन हे कीटकनाशक बनवी. १९८४ च्या डिसेंबरातली विषारी वायूच्या गळतीची ती रात्र सगळ्यांना माहीत आहे, पण त्याआधीच कारखान्याच्या बाष्पीभवन तळ्यांतून गळती होत असल्याची चिंता १९८२ साली कंपनीच्याच तारांमध्ये नोंदली गेली होती. अपघातानंतर आवारात काय उरलं आणि ते खाली कुठवर गेलं हे तपासायचं काम नीरीकडं आलं. १९९० च्या दशकातल्या तिच्या अहवालांनी धीर दिला. चिकणमातीचा जाड थर आहे, तो दूषित द्रव अडवून धरतो, भूजलापर्यंत पोचायला सुमारे २३ वर्षं लागतील, असा हिशेब १९९७ च्या अहवालात होता. गंमत अशी की कार्बाइडचीच सल्लागार कंपनी, आर्थर डी. लिटल, हिला हा आकडा फार आशावादी वाटला. वाईटात वाईट धरलं तर दोन वर्षंही पुरतील, असं तिचं म्हणणं. १९९९ मध्ये ग्रीनपीसनं आसपासच्या पाण्यात क्लोरीनयुक्त रसायनं सापडल्याचं जाहीर केलं. चिकणमाती उन्हाळ्यात कशी भेगाळते हे विदर्भातल्या कोणाही शेतकऱ्याला ठाऊक असतं. प्रयोगशाळेतल्या मातीचा हिशेब शेताला जसाच्या तसा लागू होत नाही.

अशा दूषित भूजलाची सफाई जगात झाली आहे, तीही लष्करी आवारात. अमेरिकेत डेन्व्हरजवळ रॉकी माउंटन आर्सेनल १९४२ मध्ये मस्टर्ड वायूसाठी उभारलं. पुढं त्याच आवारात शेल कंपनी १९८२ पर्यंत अल्ड्रिन, डिल्ड्रिन बनवत होती. १९५४ मध्येच उत्तरेकडच्या शेतकऱ्यांची पिकं विहिरीच्या पाण्यानं करपू लागली होती. उपाय मात्र सोपा होता. आवाराच्या हद्दीवर जमिनीत खडकापर्यंत चिकणमातीची भिंत घातली, अडलेलं पाणी पंपानं उपसून सक्रिय कोळशाच्या टाक्यांतून गाळलं आणि भिंतीपलीकडं पुन्हा मुरवलं. ही व्यवस्था १९७८ मध्ये सुरू झाली. जमिनीवरची सफाई २०१० ला संपली, एकूण खर्च सुमारे २१० कोटी डॉलर. आवार आता अभयारण्य आहे, २००७ पासून तिथं बायसन चरतात. पाणी गाळणं मात्र चालूच आहे, आणि बिल सैन्य आणि शेल यांच्यात वाटलेलं आहे.

नीरीनं भोपाळबद्दलचं मत बदललं, हे तिच्या वाटचालीत मी मोठं मानतो. २०१० चा अहवाल तिनं हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर केला. दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन आला, काही विहिरी दूषित निघाल्या आणि त्यांचं पाणी उपसून गाळण्याची शिफारस झाली, म्हणजे डेन्व्हरचाच मार्ग. तरी भूजल ‘सर्वसाधारणपणे’ ठीक आहे असाही त्यात सूर होता, आणि त्यावरून वस्तीतल्या लोकांचा राग आजही गेलेला नाही. २०१८ मध्ये लखनौच्या आयआयटीआर या विषविज्ञान संशोधन संस्थेनं ४२ वस्त्यांचं भूजल दूषित असल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं तर २००४ पासूनच नळानं शुद्ध पाणी द्यायला सांगितलं होतं.

शिफारस करणं संशोधन संस्थेच्या हातात असतं. पंप बसवणं, कोळसा बदलणं, वापरून झालेल्या विषारी कोळशाची विल्हेवाट लावणं याला पैसा लागतो आणि दशकानुदशकं कुणीतरी मालक लागतो. भोपाळला तो सापडलेला नाही. कारखान्याच्या सफाईची याचिका २००४ साली जबलपूरच्या उच्च न्यायालयात दाखल झाली. वर गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री पिथमपूरकडं निघाला आणि जून संपता संपता जाळून झाला. ११ लाख टन मातीला आणि तिच्याखालच्या पाण्याला अजून कुणी हात लावलेला नाही.