सात हाली, सहा कलदार

‘खणखणीत कलदार’ असे आपण अजूनही बोलून जातो. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मात्र स्वतःचे नाणे होते, हाली शिक्का. हाली म्हणजे चालू.

लाकडी खेळण्यांचे निर्मल हे या संस्थानातले गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून वेगळ्या जिल्ह्याचे ठाणे आहे. इथला सारा हालीत भरायचा. उत्तरेला आदिलाबादवरून पैनगंगा ओलांडली की इंग्रजी अंमलातले वऱ्हाड लागे, तिथे कलदार. पलीकडे कापूस विकणाऱ्याच्या हाती कलदार पडत आणि सरकारदेणे द्यायला ते मोडावे लागत.

भाव साधारण सात हालीला सहा कलदार. शंभर कलदारांचे झाले ११६ रुपये १० आणे ८ पै! हा हिशेब सावकाराला तोंडपाठ, कुणब्याला नाही. हुंडणावळ कोणाच्या खिशातून जात असेल ते सांगायला नको. पुढे १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक निघाली आणि शिक्क्याची व्यवस्था तिच्याकडे आली.

१९४७ च्या नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर लगेच निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानात भारतीय चलन बेकायदा ठरवले. काल खणखणणारा कलदार आज गुन्हा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी हाली १९५९ पर्यंत रेंगाळली.

आपल्याकडे पोर्तुगीजांनी दुसरी वाट धरली होती. १८७८ च्या इंग्रजांबरोबरच्या तहानंतर गोव्याची रुपिया १८८१ साली कोलकात्याच्या टांकसाळीत, इंग्रजी रुपयाच्या धर्तीवर पडली. १९५८ मध्ये तिच्या जागी एस्कुदो आला.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराचे पैसे रुपयांत चुकते करायला मुभा दिली. परदेशी बँक भारतीय बँकेत रुपयांचे खाते उघडते, देणीघेणी त्यातून होतात. मे २०२३ मध्ये बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेची बैठक भरली. तेव्हा गोव्यातच रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह म्हणाले की, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठले आहेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलायला हवेत. कापूस विकून कलदार घेऊन परतणाऱ्या कुणब्याची अडचण हीच होती. नाणे खरे असून भागत नाही, आपल्या गावात ते चालावे लागते.