उघड्या पत्त्यांचा एकाकी डाव

पत्त्यांच्या डावांत हार झाली कीं आपण दैवाला बोल लावतों, आणि जीत झाली तर श्रेय मात्र स्वतःच्या अकलेला देतों. एकट्यानें खेळावयाच्या डावांत ही सबब विशेष सोयीची. ती खोडून काढावयास समोर कोणी नसतें. या सबबीची परीक्षा कशी झाली, तें आज श्रोत्यांना सांगावयाचें आहे.

अशा डावांना इंग्लंडांत ‘पेशन्स’, म्हणजे धीर, व अमेरिकेंत ‘सॉलिटेअर’ म्हणतात. १७८३ सालच्या एका जर्मन पुस्तकांत त्यांचें वर्णन आढळतें. मनांत इच्छा धरून डाव मांडावा, आणि तो सुटला कीं कौल मिळाला असें मानावें, ही चालहि युरोपांत होती. यांतील पुष्कळशा डावांत कांहीं पत्ते पालथे असतात. त्यामुळें दोष पत्त्यांचा कीं खेळणाराचा, याचा निवाडा होत नसे.

१९६८ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत एक निराळा डाव दिला. त्यांत बावन्नहि पत्ते आरंभींच उघडे असत. मात्र रांगेंत इस्पिकावर इस्पिकच लावावें लागे. १९७८ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील पॉल अल्फिल या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें तो ‘प्लेटो’ नांवाच्या संगणकावर बसविला, आणि काळ्यावर तांबडा, तांबड्यावर काळा असा सुलभ नियम केला. हाच ‘फ्रीसेल’. यांत आठ रांगा. चारींत सात-सात व चारींत सहा-सहा पत्ते. शिवाय चार रिकामीं घरें. प्रत्येकांत एकच पत्ता तात्पुरता ठेवावयाचा. एक्क्यापासून राजापर्यंत चारहि गड्ड्या पुऱ्या झाल्या कीं डाव सुटला.

पुढें जिम हॉर्न यांनीं केलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तींत ३२,००० डावांना क्रमांक मिळाले. त्यामुळें एकाला न सुटलेला डाव तसाच्या तसा दुसऱ्यापुढें मांडतां येऊं लागला. १९९४ सालीं डेव्ह रिंग यांनीं हे सर्व डाव स्वयंसेवकांत वांटून दिले. १९९५ पर्यंत एक वगळून सारे सुटले! तो एक म्हणजे क्रमांक ११९८२. पुढें संगणकांनीं त्याच्या साऱ्या चाली धुंडाळल्या, आणि तो सुटणारा नाहीं असें ठरलें. म्हणजे ३१,९९९ डावांत दैवाची सबब खोटी ठरली.

हा डाव शिकणाराची पहिली चूक घाईची असते. चाल करण्यापूर्वीं एक्के व दुर्र्या कोठें दडपल्या आहेत तें पाहावें. रिकामीं घरें संपत्तीसारखीं जपावीं. एकहि घर मोकळें नसेल तर एका वेळीं एकच पत्ता हलतो. चारहि मोकळीं असतील तर क्रमानें लागलेले पांच पत्ते नेतां येतात, आणि एखादी रांगहि रिकामी असेल तर दहा.

शाळेंत नापास झालेला मुलगा प्रश्नपत्रिकेला दोष देतो, तेव्हां आम्हां शिक्षकांना हंसूं येतें. पण ११९८२ हा क्रमांकहि विसरूं नये. क्वचित् प्रश्नच न सुटणारा असतो. मात्र तसें म्हणण्याचा अधिकार, सर्व वाटा तपासल्यावांचून कोणालाहि मिळत नाहीं.