वायुविलगीकरण पटले

वायूंच्या मिश्रणातील काही घटकांना इतरांपेक्षा अधिक सुलभतेने आरपार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यास वायुविलगीकरण पटल म्हणतात. पटलाच्या एका बाजूस मिश्रण अधिक दाबाखाली ठेवले व दुसऱ्या बाजूस दाब कमी ठेवला, म्हणजे जलद जाणाऱ्या घटकाचे प्रमाण पलीकडे वाढते व मंद जाणारा घटक मूळ बाजूस शिल्लक राहतो. मिश्रण अतिशय थंड करून द्रवरूपात आणणे व ऊर्ध्वपातनाने त्याचे घटक वेगळे करणे, या रूढ रीतीतील अवस्थाबदल येथे टळतो. या क्रियेचे मूलतत्त्व १८६६ मध्येच स्पष्ट झाले होते. परंतु निश्छिद्र बहुवारिक पटलांचा औद्योगिक वापर मोठ्या प्रमाणावर सुरू होण्यास १९८० साल उजाडले. मधल्या शंभराहून अधिक वर्षांचा विलंब मुख्यतः अत्यंत पातळ आणि तरीही निर्दोष असे पटल तयार करता न आल्यामुळे झाला.

प्रारंभीची निरीक्षणे : स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम (१८०५–६९) यांनी १८२९ मध्ये एक विलक्षण घटना नोंदविली. प्राण्याच्या मूत्राशयाची ओलसर पिशवी कोल वायूने अर्धवट भरून ती कार्बन डाय-ऑक्साइडाच्या पात्रात ठेवली असता काही तासांत फुटण्याच्या बेतापर्यंत फुगली. बाहेरील वायू पिशवीच्या ओलाव्यात विरघळून आत शिरतो, असे त्यांनी त्याचे कारण दिले. १८३१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील वैद्य जॉन केअर्सली मिचेल यांना हायड्रोजनाने भरलेले रबरी फुगे काही काळाने आपोआप खाली येतात असे आढळले. निरनिराळे वायू रबरातून निरनिराळ्या वेगाने निसटतात, हेही त्यांनी प्रयोगाने दाखविले.

याच सुमारास ग्रॅहॅम यांनी सच्छिद्र पदार्थांतून होणाऱ्या वायूंच्या विसरणाचा अभ्यास करून, विसरणाचा वेग वायूच्या घनतेच्या वर्गमूळाशी व्यस्त प्रमाणात असतो, हा त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम मांडला. या नियमानुसार हलका वायू नेहमी पुढे गेला पाहिजे. रबराच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही, हे त्यांच्याच पुढील संशोधनातून निष्पन्न झाले.

ग्रॅहॅम यांचा सिद्धांत : १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ग्रॅहॅम यांनी रबरातून जाणाऱ्या वायूंचे सापेक्ष वेग दिले. नायट्रोजनाचा वेग १ धरल्यास कार्बन मोनॉक्साइडाचा १·११३, मिथेनाचा २·१४८, ऑक्सिजनाचा २·५५६, हायड्रोजनाचा ५·५ व कार्बन डाय-ऑक्साइडाचा १३·५८५ भरला. कार्बन डाय-ऑक्साइड हायड्रोजनाच्या सु. २२ पट जड असूनही जवळजवळ अडीच पट वेगाने रबरापलीकडे जातो. छिद्रांतून होणाऱ्या प्रवाहाने याचा उलगडा होणे शक्य नव्हते. वायू प्रथम रबरात द्रवाप्रमाणे विरघळतो, नंतर त्याच्या जाडीतून विसरण पावतो व शेवटी दुसऱ्या पृष्ठभागातून बाहेर पडतो, असे स्पष्टीकरण ग्रॅहॅम यांनी दिले. ‘विद्रावण-विसरण’ या नावाने ते आजही ग्राह्य मानले जाते.

रबरी पडद्यातून निर्वातात ओढून घेतलेल्या हवेत ऑक्सिजनाचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ४१·६ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यांना आढळले. विझत आलेले लाकूड या हवेत पुन्हा पेट घेई. पडद्याची जाडी बदलल्यास पलीकडे जाणाऱ्या वायूची राशी बदलते, परंतु त्याचे संघटन बदलत नाही, हेही त्यांनी नोंदविले. पुढील सर्व प्रयत्नांची दिशा या शेवटच्या निरीक्षणात सूचित झालेली होती.

मापन : जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा गणिती नियम मांडला होता. पोलिश भौतिकीविज्ञ झिगमुंट व्रुब्लेव्हस्की यांनी १८७९ मध्ये, रबरातील वायूचा प्रवाह दाबांतील फरकाच्या सम व जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे दाखविले. याच व्रुब्लेव्हस्कींनी १८८३ मध्ये क्राको येथे कारोल ओल्शेव्हस्की यांच्या समवेत हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन द्रवरूपात मिळविले. पुढे जर्मनीत कार्ल फोन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवेच्या द्रवीकरणाची औद्योगिक रीत सिद्ध केली आणि उद्योगधंद्यांनी तीच स्वीकारली. पटले प्रयोगशाळेपुरती राहिली.

न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड मेलिंग बॅरर (१९१०–९६) यांनी १९३० नंतरच्या दशकात या विषयाला अचूक मापनाची बैठक दिली. वायू पटलात शिरल्यापासून त्याचा प्रवाह स्थिर होईपर्यंत लागणाऱ्या विलंबावरून त्यांनी विसरणाचा गुणांक काढला. त्यामुळे पटलाच्या पार्यतेपैकी विरघळण्याचा वाटा किती व विसरणाचा किती, हे वेगवेगळे सांगता येऊ लागले. पार्यतेच्या रूढ एककास ‘बॅरर’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे.

सच्छिद्र पटलांचा वापर : ग्रॅहॅम यांच्या पहिल्या नियमाचा सर्वांत मोठा उपयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. अमेरिकेतील ओक रिज येथील के-२५ या कारखान्यात १९४५ मध्ये युरेनियम हेक्झाफ्ल्युओराइड वायू सच्छिद्र पटलांतून पुनःपुन्हा पाठवून युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढविण्यात आले. दोन्ही समस्थानिकांच्या संयुगांचे रेणुभार अनुक्रमे ३४९ व ३५२ असल्याने एका टप्प्यात मिळू शकणारे विलगीकरण जास्तीत जास्त १·००४३ पट असते. त्यामुळे हजारो टप्पे व प्रचंड विद्युत् शक्ती लागे. सेंट्रिफ्यूज यंत्रांपुढे ही रीत टिकली नाही. पदूका येथील या पद्धतीचा अमेरिकेतील अखेरचा कारखाना २०१३ मध्ये बंद झाला.

पातळपणाचा प्रश्न : निश्छिद्र पटलात निवडक्षमता चांगली मिळे, पण प्रवाह अगदी अल्प असे. २५ मायक्रॉन जाडीचा पडदा ०·१ मायक्रॉनवर आणल्यास प्रवाह २५० पट होईल, हे गणित सोपे होते. मात्र इतका पातळ पडदा दाब सहन करू शकत नव्हता. यातून मार्ग निघाला तो खाऱ्या पाण्याच्या संशोधनातून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील शाखेत सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटाचे असममित पटल तयार केले. त्याचा वरचा घट्ट थर मायक्रॉनाच्या अल्पांशाइतका असून खालचा जाड, सच्छिद्र थर त्याला आधार देतो. वेचण्याचे काम वरच्या थराकडे व भार पेलण्याचे काम खालच्या थराकडे अशी विभागणी झाल्याने पातळपणा व बळकटी यांचा मेळ बसला.

वायूंच्या बाबतीत मात्र एक अडचण उरली. वरच्या थरात राहून गेलेली अतिसूक्ष्म छिद्रे पाण्याच्या शुद्धीकरणात फारशी बाधक ठरत नाहीत. वायू अशा छिद्रांतून पटलद्रव्यापेक्षा कित्येक पटींनी वेगाने व कोणतीही लक्षणीय निवड न होता निघून जातो. पृष्ठभागाचा दहा लाखांश भाग सच्छिद्र असला, तरी विलगीकरण फसते. पूर्णतः निर्दोष थर बनविण्याचे अनेक प्रयत्न अपुरे पडले. अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीतील जे. एम. एस. हेनिस व एम. के. ट्रायपोडी यांनी दोष नाहीसे करण्याचा आग्रह सोडला. पॉलिसल्फोनाच्या पोकळ तंतूंवर त्यांनी सिलिकोन रबराचा पातळ लेप दिला. सिलिकोनाची स्वतःची निवडक्षमता बेताची असते. परंतु तो छिद्रांत शिरून तेथील मोकळा प्रवाह रोखतो. वायूचा बहुतांश प्रवाह मग पॉलिसल्फोनातूनच होतो व पटलाला पॉलिसल्फोनाचे गुणधर्म प्राप्त होतात. ‘प्रिझम’ या नावाने १९८० च्या सुमारास बाजारात आलेल्या या पटलांचा उपयोग अमोनियाच्या कारखान्यांत बाहेर सोडल्या जाणाऱ्या वायूतून हायड्रोजन परत मिळविण्यासाठी होऊ लागला. हा वायू मुळातच उच्च दाबाखाली असल्याने वेगळ्या संपीडनाची गरज पडत नसे. त्याच दशकात नैसर्गिक वायूतील कार्बन डाय-ऑक्साइड काढणे व हवेपासून नायट्रोजन मिळविणे यांसाठीही पटले वापरात आली.

पार्यता व निवडक्षमता यांतील विरोध : पटलाचे द्रव्य जितके अधिक पार्य, तितकी त्याची निवडक्षमता कमी, असा अनुभव होता. अमेरिकन बहुवारिकतज्ज्ञ लॉइड एम. रोबसन यांनी १९९१ मध्ये शेकडो मापने एकत्र मांडून या विरोधाची एक वरची मर्यादारेषा दाखविली व २००८ मध्ये नव्या माहितीच्या आधारे ती सुधारली. या मर्यादेचे मूळ रेणूंच्या आकारांत आहे. ऑक्सिजनाच्या रेणूचा गतिज व्यास ३·४६ अँगस्ट्रॉम, तर नायट्रोजनाचा ३·६४ अँगस्ट्रॉम आहे. एवढा अल्प भेद ओळखणारी साखळ्यांची रचना ताठर असावी लागते, आणि जलद प्रवाहासाठी तर तीत भरपूर मोकळी जागा हवी. मँचेस्टर येथे पीटर बड व नील मॅकीऑन यांनी २००४ च्या सुमारास ताठर, वाकड्या साखळ्यांचे पिम-१ हे बहुवारिक पटलरूपात आणले. त्याच्या साखळ्या एकमेकींत नीट बसत नसल्याने आत सूक्ष्म पोकळ्या राहतात व पार्यता पुष्कळ वाढते. तथापि कालांतराने साखळ्या जवळ सरकून ती घटत जाते. टिकाऊपणाचा हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

भारतात पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिबेंझिमिडाझोल इ. बहुवारिकांच्या वायुपार्यतेवर संशोधन झाले आहे. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्ये तेथील संशोधनाच्या आधारे, श्वसनासाठी हवेतील ऑक्सिजनाचे प्रमाण सु. ४० टक्क्यांपर्यंत वाढविणारे पटलयुक्त उपकरण विकसित करण्यात आले. ग्रॅहॅम यांनी रबरातून मिळविलेले प्रमाणही जवळजवळ एवढेच होते. एका टप्प्यात मिळणारी शुद्धता पटलाच्या निवडक्षमतेने बांधलेली असते. म्हणून अतिशुद्ध ऑक्सिजन मोठ्या राशीत हवा असल्यास आजही हवेचे द्रवीकरणच करावे लागते. जेथे मध्यम शुद्धता पुरेशी असते आणि लहान, सुटसुटीत व त्वरित सुरू होणारे साधन हवे असते, तेथे पटले अधिक सोयीची ठरतात.