केडर : एका शब्दाचे अर्थ आणि आपल्या जागा

आपल्या चळवळीत 'केडर' हा शब्द रोज कानावर पडतो. केडर कॅम्प, केडरचा माणूस. पण त्याचा अर्थ कोण ठरवतो? हा प्रश्न फक्त भाषेच्या अभ्यासकांचा नाही, आपल्या हक्काचाही आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चौकोन. त्यावरून फ्रेंच 'काद्र्', म्हणजे चौकट, तसबिरीची फ्रेम. पुढे लष्करात हा शब्द पलटणीच्या कायम सांगाड्यासाठी आला. शिपाई येतात-जातात, पण नव्या भरतीला उभे करणारे अधिकारी टिकून असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने तो उचलला. विसाव्या शतकात कम्युनिस्ट पक्षांनी त्याचा अर्थ केला प्रशिक्षित कार्यकर्ता. खुद्द फ्रान्समध्ये मात्र आज 'काद्र्' म्हणजे कंपनीतला व्यवस्थापक!

भारतात त्याचे दोन अर्थ रुजले. प्रशासनात केडर म्हणजे पदांचा संवर्ग. आयएएसचे केडर नियम 1954 चे आहेत. दुसरा अर्थ बहुजन चळवळीत घराघरात नेला तो मान्यवर कांशीराम यांच्या केडर कॅम्पनी.

आता खरा मुद्दा. विद्यापीठात आरक्षण मोजताना एकक कोणते, संपूर्ण विद्यापीठ की एकेक विभाग? 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक ठरवले आणि मार्च 2018 मध्ये यूजीसीने तसा आदेश काढला. 13 बिंदूंच्या रोस्टरमध्ये ओबीसींची पहिली जागा चौथी, अनुसूचित जातींची सातवी, अनुसूचित जमातींची चौदावी. म्हणजे सहा प्राध्यापकांच्या विभागात अनुसूचित जातीचा एकही नाही! राज्यघटनेतला एक शब्दही न बदलता आरक्षण कागदावरच ठेवण्याची ही सोय होती.

तरुण रस्त्यावर उतरले. 5 मार्च 2019 रोजी भारत बंद झाला, 7 मार्चला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्याच्या नावातच 'शिक्षक संवर्गातील आरक्षण' हे शब्द आहेत. संपूर्ण संस्था हेच एकक ठरले.

मित्रांनो, सरकारी केडरमधल्या जागा चळवळीच्या केडरने वाचवल्या. पण कायदा झाला म्हणून जागा आपोआप भरत नाहीत. आपल्या महाविद्यालयाची बिंदुनामावली मागा, माहिती अधिकारात अर्ज करा, रिकामे बिंदू मोजा. कॅम्पमध्ये घोषणा शिकलेला तरुण बिंदुनामावली वाचायला शिकला, तरच तो खरा केडर.

जय भीम!